शिवसागरावर येताय? बोट, धक्का आणि पाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यात बामणोली, तापोळा, मुनावळे या बाजूला सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि घसा आमचाच बसतो. म्हणून एकदाचं लिहून काढलं. आम्ही बोटवाले, घरं काठावरच. काही उत्तरं पाहुण्यांसाठी आहेत, काही आमच्याच बोटवाल्या भावांसाठी, एखाददुसरं टेंटवाल्यांनाही झोंबेल.

ही नदी आहे, तलाव आहे की धरण?

तिन्ही. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि डोंगरांच्या दोन रांगांमधून दक्षिणेकडे येते. कोयनानगरजवळ तिच्यावर धरण आहे, 1960 च्या दशकात बांधून झालेलं. त्यामागं अडलेलं पाणी म्हणजे शिवसागर जलाशय. लांबी सुमारे 50 किमी, साठवण 105 टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) आसपास. तापोळ्याला सोळशी येऊन मिळते, पलीकडच्या खोऱ्यातून कांदाटी येते. पाहुणे बॅकवॉटर म्हणतात, आमच्याकडची म्हातारी माणसं अजून ‘धरणाचं पाणी’ म्हणतात. त्यांची शेतं त्याच्याखाली आहेत, त्यामुळं त्यांना दुसरं नाव सुचत नाही.

हे पाणी दोन्हीकडं जातं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पश्चिमेला डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला, तिथं वीज तयार करून वाशिष्ठीत, म्हणजे चिपळूणकडे. पूर्वेला कोयनेच्या पात्रातून कराडला, प्रीतिसंगमावर कृष्णेत, आणि पुढं सांगलीला. इथं पाण्यात काही सोडलं तर ते कोकणात जाईल की घाटावर, एवढाच प्रश्न उरतो.

मरिना म्हणतात तसं काही इथं आहे का?

मुंबईच्या गेटवेसमोर डुलणाऱ्या पांढऱ्याशुभ्र बोटी डोळ्यासमोर ठेवून येणार असाल तर नाही. 2024 मध्ये मुनावळ्याला सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झालं, तिथं जरा थाटमाट आहे. बाकी ठिकाणी मातीचा उतार, थोड्या पायऱ्या, ओळीनं बांधलेल्या बोटी, एक टपरी आणि तिकिटाची खिडकी. त्यालाच आम्ही धक्का म्हणतो.

आमचा धक्का चालतो. खरंच चालतो. धरण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 2163 फुटांच्या घरात असते, आणि मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की ऑक्टोबरात जिथं बोट बांधली होती तिथून बोटीपर्यंत उतरताना धाप लागते. पाणी सरकेल तसा धक्का, दोर, फळ्या, सगळं आम्ही सरकवत नेतो.

म्हणजे एप्रिलमध्ये तुम्ही ज्या कोरड्या जमिनीवर बसून जेवता, ती जमीन जुलैत पाण्याखाली असते. तिथं ‘जमिनीवरच तर टाकली’ म्हणून सोडलेली बाटली, पत्रावळ, लहान मुलाचा डायपर, सगळं दोन महिन्यांत धरणात. इथं काठ असा नाहीच. जो आहे तो तळच आहे, थोडे दिवस उघडा पडलेला.

कधी यावं?

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात पर्यटकांच्या बोटी बंद असतात. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली 35-40 किमी. वाटेतल्या कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं, तेव्हा पार्टीचा बेत तिथंही करू नका. उन्हाळ्यात यायचं तर सकाळी या, दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो आणि लहान बोटी उड्या मारायला लागतात.

मला पोहता येतं. लाईफ जॅकेट घालायलाच हवं का?

हो. पोहता येतं म्हणणाऱ्यांचीच आम्हाला जास्त धास्ती वाटते. विहिरीत किंवा टाकीत पोहणं वेगळं. हा बुडालेला डोंगरउतार आहे, समुद्रकिनारा नव्हे. काठापासून दोन पावलं गुडघाभर पाणी, तिसऱ्या पावलाला पाय टेकत नाही, आणि खाली गाळ. त्यात जीन्स, बूट, पोट भरलेलं.

जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नका, पट्टे लावा. पट्टा न लावलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं, तुम्ही खाली आणि ते वर. लहान मुलांना लहान मापाचंच मागा. नसेल तर त्या बोटीत बसू नका, मग ती बोट माझी असली तरी. फोटोसाठी जॅकेट काढायचं असेल तर धक्क्यावर या आणि हवे तेवढे फोटो काढा.

माणसं किती घ्यायची हे बोट ठरवते, गर्दी ठरवत नाही. 2019 च्या महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारीच होडी उलटली आणि जीव गेले. क्षमतेहून जास्त माणसं होती. ती वेळ तरी जिवावरची होती, तुम्ही सहलीला आलाय. ‘ॲडजस्ट करा की राव, आम्ही एकाच घरातले आहोत’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. एकाच घरातले आहात म्हणूनच दोन बोटी करा.

बोटवाल्या भावांसाठी: 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 मध्ये नवा अंतर्देशीय जहाज कायदा आला. नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधनं यांच्यासोबत त्यात पाण्याच्या प्रदूषणाचाही भाग आहे. आपण नोंदणीपाशी थांबतो, पुढचं वाचत नाही.

बोटीत खायला न्यावं का? कचऱ्याचं काय?

न्या, पण डब्यातून न्या. वेफर्सचं पाकीट बोटीत फोडलं की कोपरा वाऱ्यानं उडतोच, तो कुणी मुद्दाम टाकत नाही. दिवसाला पन्नास पाकिटं, पन्नास कोपरे. पाकीट धक्क्यावर फोडा आणि डब्यात ओता.

वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांना हे नवीन नाही. हा भाग कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वनखातं सामान तपासतं, प्लास्टिकच्या वस्तू मोजून लिहून घेतं, अनामत ठेवून घेतं आणि परत येताना मोजदाद करतं. मी बघितलंय, ज्या माणसानं सकाळी हुज्जत घातली तोच संध्याकाळी वाटेत सापडलेली दुसऱ्याची बाटली घेऊन आला, मोजणीत कमी पडू नये म्हणून. वासोट्यावर मुक्काम करता येत नाही, हेही इथंच सांगून टाकतो.

कचरा शक्यतो साताऱ्याला परत न्या. आमच्या गावात कचऱ्याची गाडी दारात येत नाही. धक्क्यावरच्या पिंपात टाकलेलं आम्हालाच पोत्यात भरून न्यावं लागतं, आणि रविवारचं पिंप दुपारीच भरतं. मग वानरं येतात.

भात, पोळी, चपातीचे तुकडे तर मासे खातात. ते टाकलं तर काय बिघडलं?

एका माणसानं टाकलं तर काहीच नाही. पण धक्क्यापाशी पाणी फारसं वाहत नाही, आणि तिथं रोज शेकडो माणसं येतात. उरलेलं अन्न कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि शेवाळ माजतं. हिरवं, बुळबुळीत. मग तुम्हीच विचारता, ‘इथं पाणी असं का हो?’

पाण्यात आंघोळ करायची, साबण लावला तर?

डुंबा खुशाल, बोटवाला सांगेल त्याच जागी. साबण, शाम्पू नको. लावायचाच तर बादलीत पाणी घेऊन काठापासून लांब, मातीत जिरेल असं.

हे पाणी पिता येतं का?

गाळून, उकळून. दिसायला काचेसारखं असलं तरी.

पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो, तो कसला?

आमचा. म्हणजे बोटींचा. पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल. इथं पाहुण्यांपेक्षा आमचीच चूक जास्त, ती कबूल करायला हवी.

तेल पाण्यावर अतिशय पातळ पसरतं, केसाच्या जाडीच्या कितीतरी पटींनी पातळ. एक लिटर तेल असं पसरलं तर साधारण 1000 चौरस मीटर झाकू शकतं, म्हणजे पाव एकर. चहाच्या कपाएवढं सांडलं तरी अख्खा धक्का रंगीत दिसतो तो त्यामुळं.

पूर्वी मी काय करायचो ते सांगतो. कॅनमधून ओतताना पेट्रोल सांडलं, तवंग दिसायला लागला आणि वर पाहुणे उभे. घरातून धुण्याची पावडर आणली आणि टाकली पाण्यात. दोन मिनिटांत तवंग गायब. मला वाटलं, काय डोकं चालवलं! कितीतरी वर्षं हाच उपाय चालला, दुसऱ्यांनाही शिकवला. तेल कुठं गेलं हे मात्र कधी विचारलं नाही. ते गेलं नव्हतंच. साबणानं त्याचे बारीक थेंब झाले आणि ते पाण्यात मिसळले, जिथं मासे श्वास घेतात तिथं. वर होतं तोवर निदान टिपून तरी काढता आलं असतं. तेव्हा तवंगावर साबण, पावडर, लिक्विड काहीही टाकायचं नाही. तेल शोषणारे पांढरे पॅड मिळतात, ते पाणी घेत नाहीत, फक्त तेल घेतात. महाग वाटतात, पण पिळून पुन्हा वापरता येतात. ते नसतील तर जुनं सुती कापड तवंगावर पसरून हळूच ओढून घ्या. भिजलेलं कापड चुलीत घालायचं नाही, झाकणाच्या डब्यात ठेवायचं.

सांडूच नये यासाठी: माणसं चढण्याआधी पेट्रोल भरा, नरसाळं वापरा, नरसाळ्याखाली फडकं धरा, आणि टाकी काठोकाठ भरू नका. पेट्रोल उन्हात फुगतं. सकाळी गच्च भरलेली टाकी दुपारी झाकणातून पाझरते, आणि आपण म्हणतो इंजिनला गळती आहे. सुटी टाकी असेल तर बोटीत भरायचीच कशाला, काठावर आणून भरा.

बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकायचं नाही तर काय करायचं?

नुसतं पावसाचं किंवा लाटेचं पाणी असेल तर फेका. पण इंजिन बोटीच्या आत असलं की त्या पाण्यावर काळी साय असतेच. सकाळी डबड्यानं उपसून शेजारच्या पाण्यात मारायचं ही आपली जुनी सवय. त्याऐवजी तळात शोषक पॅड दोरीनं बांधून ठेवा, तेल त्यात जातं, मग खालचं पाणी उपसा. आणि साय रोज येत असेल तर पॅड बदलत बसू नका, वायसर बदला.

जळकं ऑइल खड्ड्यात ओतायचं नाही, बोटीच्या लाकडाला फासायचं नाही. कॅनमध्ये साठवा आणि साताऱ्याला किंवा मेढ्याला जाताना जे गॅरेज जुनं ऑइल गोळा करतं तिथं द्या. जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो आणि पैसेही कमी करतो, ती काठावर टाकण्यात कसला शहाणपणा?

जुनं टू-स्ट्रोक इंजिन चांगलं चालतंय, बदलायची गरज आहे?

चांगलं चालतंय म्हणजे आवाज चांगला येतोय. जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात टाकलेल्या इंधनातला जवळजवळ पाव हिस्सा न जळताच बाहेर पडतो, आणि तोही ऑइल मिसळलेला. चार कॅन पेट्रोल आणलं तर एक सरळ धरणात गेला असं समजा. फोर-स्ट्रोक महाग आहे, मान्य. सगळ्यांनी एकदम बदलावं असं मी म्हणणार नाही, माझं स्वतःचं बदलायला तीन हंगाम लागले. तोवर निदान ऑइलचं प्रमाण कंपनीनं सांगितलंय तेवढंच ठेवा. ‘थोडं जास्त घातलं की इंजिन टिकतं’ हा गैरसमज धुरात दिसतो.

इथं संडासाची सोय आहे का?

बायका हा प्रश्न आधी विचारतात, तोही हळू आवाजात, आणि उत्तर देताना आम्हाला मान खाली घालावी लागते. काही धक्क्यांवर आहे, काहींवर नावाला आहे. शक्यतो निघण्याआधी मुक्कामाच्या जागीच आटपा.

ज्यांना बांधायचा आहे त्यांच्यासाठी मात्र सविस्तर. खड्डा पूर्ण भरलेल्या पातळीच्या बराच वर हवा, मे महिन्याच्या पातळीच्या वर नव्हे. उन्हाळ्यात पाणी लांब दिसतं, जागा सपाट मिळते आणि तिथंच पत्रे ठोकले जातात. ऑगस्टमध्ये पाणी तिथं येतं. एका टेंटवाल्यांचं असं झालेलं मी डोळ्यानं पाहिलंय, नाव घेत नाही. त्या वर्षी आमच्या गावातली पोरं काठावर पोहायला गेली नाहीत, आणि का गेली नाहीत हे पाहुण्यांना सांगायची आम्हाला लाज वाटत होती.

आमचा टेंटचा व्यवसाय आहे. काय काळजी घ्यावी?

वर लिहिलंय ते, आणि भांडी. पन्नास माणसांचं मटणाचं जेवण झालं की तेलकट भांडी काठावर घासायची पद्धत बंद करा. आधी उरलंसुरलं आणि तेल कागदानं किंवा राखेनं पुसून काढा, मग वर नळावर धुवा, पाणी शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात सोडा. शेकोटीची राख आणि कोळसेही पाण्यात लोटू नका.

स्ट्रॉबेरीवाल्यांना हात जोडून विनंती: फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या धरणात धुवायच्या नाहीत. बाटलीला तीनदा विसळा, ते पाणी पंपातच घाला, शेतातच मारा. औषध पैशाचं असतं, ते पाण्यात का सोडायचं?

स्पीकर, डीजे, दारू?

स्पीकर नको. संध्याकाळी गवे पाण्यावर उतरतात, पलीकडच्या झाडीत शेकरू असतं. आवाज पाण्यावरून फार लांब जातो. इकडं तुम्ही ‘जरासा’ लावलेला पलीकडच्या वाडीत झोपलेल्या आजारी माणसाला ऐकू जातो. दारू पिऊन आलेल्या माणसाला बोटीत घेत नाही. पैसे दुप्पट दिले तरी नाही.

आम्ही स्वतःचा कयाक (वल्ह्याची लहान होडी) आणतोय. चालेल?

आधी धक्क्यावर विचारा, परवानगी आणि हद्द समजून घ्या. धरणाच्या भिंतीकडे आणि अभयारण्याच्या काठाला मनाला येईल तसं जाता येत नाही.

तो कयाक यापूर्वी कुठल्या पाण्यात होता? पंचगंगेत, रंकाळ्यात, उजनीला? मग घरीच तो उलटा करून पाणी काढा, खरवडून धुवा आणि दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवा. जलपर्णीचा एवढासा तुकडा चिकटून आला तरी पुरतो. पंचगंगेवर ती काढायला किती यंत्रं आणि माणसं लागतात ते कोल्हापूरकरांना विचारा.

निर्माल्य, मूर्ती, अस्थी विसर्जन?

निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी टाका, खत होतं. मूर्ती शाडूची असेल तर घरी बादलीत. अस्थींबद्दल मी कुणाला शिकवणार नाही, फक्त त्यासोबतची प्लास्टिकची पिशवी आणि काचेची बाटली परत न्या.

गावातल्या लोकांना या बोटिंगचा काय उपयोग?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, मीच घालतोय. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या वाड्यांना लाँच म्हणजे एसटी. दवाखाना, बाजार, शाळा, लग्नाची वरात, बाळंतपणाची घाई, सगळं पाण्यावरून. गाड्या तराफ्यावर चढून जातात. म्हणून लाँच दिसली की स्पीडबोटनं लांबून आणि हळू जायचं. धुण्याच्या, पाणी भरण्याच्या घाटापाशीही वेग कमी करायचा. लाटेनं काठाची माती ढासळते, पाणी गढूळ होतं, आणि बाईच्या हातातली कळशी जाते. त्यानंतर ती जे बोलते ते इथं लिहिता येत नाही.

आणि मे महिना आमचा असतो. माथाडी कामाला वाशी-कोपरखैरण्याला गेलेली घरं जत्रेला परत येतात, मुंबईत वाढलेली नातवंडं पाण्याला घाबरत उतरतात. दोरी बांधून, रिकामे कॅन कमरेला लावून आम्ही त्यांना पोहायला शिकवतो. त्या आठवड्यात सकाळी नऊपर्यंत एका बाजूचा काठ बोटींना बंद ठेवायचा असं आपापसात ठरवलंय. पाहुणे कुरकुरतात, पण थांबतात.

सफाईला हातभार लावायचाय. कधी येऊ?

बहुतेक मंडळं ऑक्टोबरात येतात, कारण तेव्हा हवा छान असते आणि फोटो चांगले येतात. तेव्हा धरण भरलेलं असतं आणि कचरा पाण्याखाली. एप्रिल-मेमध्ये या. ऊन असेल, धूळ असेल, पण तळ उघडा असतो. हातमोजे, गोणपाट आणि कोयता घेऊन या. कोयता लागतो तो झुडपांत आणि दगडांत अडकलेल्या माशांच्या जुन्या जाळ्यांसाठी. ती मालक सोडून गेला तरी मासे धरत राहतात. गोळा केलेलं परत न्यायला गाडी तुमचीच आणा. मागं एकदा पंचवीस पोती गोळा करून, फोटो काढून एक गट निघून गेला. पोती आम्ही उचलली.

चष्मा, मोबाईल किंवा चप्पल पाण्यात पडली तर?

उडी मारू नका. बोटवाल्याला जागा दाखवा, काठावरची एखादी खूण लक्षात ठेवा. मोबाईल गेला तर त्याच्यातल्या बॅटरीमुळं आम्हाला तो बाहेरच हवा असतो. काठाजवळ असेल तर पोरं गळ टाकून बघतात. नाहीच मिळाला तर मे महिन्यात फोन करा. पाणी उतरलं की गाळात बरंच काही सापडतं. टपरीत एक पत्र्याचा डबा ठेवलाय, त्यात सध्या अकरा चष्मे आणि एक कवळी आहे. कवळीवाले अजून आलेले नाहीत.